नऊ टायरांची गाडी

टायर उत्तम आहेत, असा निकाल ट्वेटन सरांनी जुलैच्या पहिल्या सोमवारी दिला. निकाल देण्याची त्यांना सवयच होती. एकोणतीस वर्षं ते गावच्या शाळेत उपमुख्याध्यापक होते, म्हणजे मुख्याध्यापकांना जी जी कामं नकोशी वाटत ती सगळी त्यांच्याकडे असत. त्यांनी खिशातून एक सेंटचं नाणं काढलं, उलटं धरलं आणि टायरच्या नक्षीच्या खाचेत खुपसलं. नाण्यावरच्या राष्ट्राध्यक्षांचं डोकं खाचेत बुडालं तर टायर चांगला, डोकं वर दिसलं तर टायर गेला, ही परीक्षा त्या देशात बापाकडून लेकाकडे चालत आलेली आहे. इथे तर साहेब भुवयांपर्यंत बुडाले. चारही टायरांत बुडाले. सरांनी नाणं पुसून पुन्हा खिशात टाकलं आणि आपल्या ट्रेलरच्या पत्र्यावर शाबासकीची थाप मारली. ट्रेलर बारा वर्षं जुना, मोटारीमागे ओढायचा, चार चाकांचा. आत पलंग, चूल, न्हाणीघर सगळं होतं आणि जाहिरातीत लिहिल्यापेक्षा थोडंसं मोडलेलं होतं.

ट्रेलर घेतला तो मार्लिससाठी. मार्लिस ही सरांची बायको. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि पस्तीसच्या पस्तीस उन्हाळे तिने सुट्टी आपल्या भावाच्या, म्हणजे लाइलच्या, तळ्याकाठच्या घरात काढली होती. तळ्याकाठच्या घरात असं नुसतं म्हणायचं. झोपायचं तळघरात, उलगडला की मधली सळई बरोबर कमरेत घुसेल अशा सोफ्यावर, मासे ठेवायच्या फ्रीझरशेजारी. हा फ्रीझर दर वीस मिनिटांनी अंगात आल्यासारखा घुमायचा. अंघोळीला पाणी किती वापरायचं याची पाटी लाइलने न्हाणीघरात लावली होती, आणि दिवसा सरांनी लाइलच्या होडीच्या धक्क्याला रंग द्यायचा, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं पण दरवर्षी होत होतं.

या वर्षी मार्लिस म्हणाली की मला माझ्या स्वतःच्या पलंगावर झोपायचंय, उठल्यावर खिडकीतून तळं दिसलं पाहिजे आणि नळ किती वेळ सोडायचा ते मला कुणी सांगायचं नाही. सरकारी उद्यानातल्या तळ्याकाठच्या जागा चार महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला संगणकावर सुटतात आणि आठ वाजून एका मिनिटाला संपतात. मार्लिस साडेसातपासून बोट उचलून बसली होती. तिला जागा मिळाली. जुलैच्या तिसऱ्या शुक्रवारपासून एक आठवडा. शनिवारी दुपारपर्यंत पोचलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार, आणि मग लाइलचं तळघर होतंच. लाइलने न जाणो म्हणून सोफ्यावर चादरसुद्धा घालून ठेवली होती.

तर सरांची ती शाबासकीची थाप शेजारचा वेड पर्सेल कुंपणापलीकडून पाहत होता. वेडला टेक्ससहून येऊन अकरा वर्षं झाली होती, पण मिनेसोटातलं ते गाव त्याला अजून 'ते नवीन आलेले' असंच म्हणायचं. तो कुंपण ओलांडून आला, टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि तिथले शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचले.

"तेवीस, बारा. म्हणजे दोन हजार बारा सालातला तेविसावा आठवडा. सर, हे टायर बारा वर्षांचे झालेत. मोटारीचा टायर झिजून मरतो, ट्रेलरचा टायर उभ्या उभ्या म्हातारा होऊन मरतो. तुम्ही नक्षी काय बघत बसलाय?"

मग त्याने आपल्या माहितीतल्या फुटलेल्या टायरांची यादी सांगितली. एकाने ट्रेलरची जमीन फाडली, एकाने पाण्याचे नळ उखडले, आणि तिसऱ्याच्या वेळी म्हणे संडासाचं झाकण महामार्ग ओलांडून मक्याच्या शेतात जाऊन पडलं. यावर उपाय एकच, ट्रकचे जाडजूड टायर. वेडचा आतेभाऊ ट्रकांच्या यार्डात होता. दोन तर शनिवारीच मिळतील, दोन मागाहून, असं वेड म्हणाला.

"हे विचार करण्यासारखं आहे," सर म्हणाले.

आता गावात जन्मलेल्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं की सरांनी नको म्हटलं. त्या गावात तोंडावर नको म्हणत नाहीत. आणि तोंडावर हो तर त्याहून म्हणत नाहीत. तिथला शिरस्ता असा की कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको-नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, समोरच्यावर मोठे उपकार केल्यासारखं, 'बरं, अगदी अर्धाच द्या' असं म्हणून पूर्ण घ्यायचं. तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर भांडण. पहिल्याच फेरीला हो म्हटल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण वेड टेक्ससचा. तिथे माणसं जे बोलतात तेच त्यांना म्हणायचं असतं, एवढी त्यांची परिस्थिती वाईट आहे. शनिवारी सकाळी त्याने दोन टायर सरांच्या दारात आणून टाकले. ते सरांच्या मांडीपर्यंत येत होते.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, मेहुण्याने गाठलं. लाइल स्क्रॅमस्टॅड हा गावातला अत्यंत दूरदर्शी माणूस समजला जाई. जानेवारीतल्या बर्फाची तयारी तो जुलैत करी आणि जुलैतल्या डासांची जानेवारीत. ट्रेलरला टायर हवेत हे त्याला कळलं होतं, कारण हे आता संपूर्ण गावाला कळलं होतं. त्याच्या जुन्या पिकअपचे दोन टायर गोठ्यात नुसते पडून होते. खरे चार होते, पण दोन त्याने होडी आपटू नये म्हणून धक्क्याला बांधले होते. हे दोन मात्र अगदी बघण्यासारखे, असं तो म्हणाला. सरांनी नको म्हटलं, आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं. दुसऱ्यांदाही मनापासून म्हटलं. मग लाइलने तिसऱ्यांदा विचारलं, आणि तेव्हा पास्टर शेजारीच उभे होते.

"बरं," सर म्हणाले, "पण अगदी दोनच."

अशा रीतीने सरांकडे ट्रकचे दोन, पिकअपचे दोन आणि बारा वर्षांचे चार टायर झाले. शिवाय एक जादाचा, ट्रेलरच्या मागे पिशवी घालून टांगलेला. एकूण नऊ. त्यांतला एकही चालणारा नव्हता, पण हे सरांना अजून माहीत नव्हतं.

ते कळलं सोमवारी, शेतकरी सहकारी सोसायटीत. गावात बियाणं, खत, डिझेल, हातमोजे आणि टायर हे सगळं सोसायटीतच मिळे. टायर विभागात बेव्ह कुबेश होती. बेव्ह सरांची विद्यार्थिनी. सातवीत असताना तोंडातल्या तोंडात पुटपुटते म्हणून सरांनीच तिला तीनदा खोलीत बोलावलं होतं आणि समजावलं होतं की मुली, जे काही आहे ते स्पष्ट बोलावं. बेव्ह आता चांगली खणखणीत बोलत असे.

तिने आधी ट्रेलर धान्याच्या वजनकाट्यावर चढवायला लावला. मार्लिसने आत सामान भरून ठेवलं होतं. बिडाचे तीन तवे, भाजायच्या चौदा थाळ्या, आणि एक शिलाई मशीन, कारण तळ्याकाठी निवांत वेळ असतो. काट्याने चिठ्ठी छापली ती अशी: 'सहा हजार आठशे पौंड. पिवळा मका. ओलावा तपासला नाही.' सरांना हा शेरा लागला.

बेव्हने ट्रेलरच्या कपाटातली कारखान्याची पट्टी वाचली आणि सांगितलं की लाइलच्या टायरांना हा बोजा पेलणार नाही, त्यांच्या बाजूच्या भिंती मऊ आहेत. वेडचे पेलतील, पण ते चाकाच्या कोनाड्यात मावणार नाहीत, पत्रा फाडतील. आणि दोन असे नि दोन तसे बसवणं तर सोडूनच द्या. ट्रेलरसाठी बनवलेले, पट्टीवर लिहिलेल्या मापाचे चार नवे टायर घ्या, बस्स. सरांना हायसं वाटलं. तासाभरात त्यांना कळलेली ही पहिली गोष्ट होती.

"मागवू का सर?" बेव्हने विचारलं. "पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत येतील."

"नको गं, तुला उगाच त्रास."

"त्रास कसला त्यात? मागवते ना."

"छे छे, राहू दे. तुला इतर कामं आहेत."

एवढ्यात बाहेर काट्यावर खताचा ट्रक येऊन उभा राहिला आणि बेव्ह मान हलवत बाहेर धावली. सर अत्यंत समाधानाने घरी आले. टायर मागवले, असं त्यांनी मार्लिसला सांगितलं. तेव्हा ते अजिबात खोटं बोलत नव्हते. दोन फेऱ्या झाल्या होत्या, तिसरी मान हलवण्यात आली असं त्यांनी धरलं होतं.

राहिला प्रश्न वेडला सांगण्याचा. सरांनी मंगळवारी सकाळी मनाशी वाक्य जुळवायला घेतलं आणि ते कॉफीचा दुसरा कप होईपर्यंत जुळवतच होते. मग बाहेरून खडखडाट ऐकू आला. वेडने जॅक लावून ट्रेलर उचलला होता, एक चाक काढलं होतं, घरच्या पहारींनी स्वतःचा एक टायर जादाच्या चाकावर चढवला होता आणि आता तो ते चाक कोनाड्यात खुपसत होता. सर दारात उभे राहून म्हणाले की वेड, कोनाडा जरा लहान वाटतो, नाही का. वेड म्हणाला, काही नाही सर, थोडा जोर लावला की बसतंय. सर म्हणाले, बरं, तू म्हणतोस तर. त्याने थोडा जोर लावला. कोनाड्याच्या कडेची अॅल्युमिनियमची पट्टी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत कर्र आवाज करत सुटून आली आणि चाक आत अडकलं. ते पुन्हा बाहेर काढायला दुपारचे तीन वाजले. वेड शेवटी म्हणाला की हा ट्रेलरच बेकार आहे. सरांनी त्याला लिंबाचं सरबत पाजलं आणि दोनदा त्याची माफी मागितली.

या सगळ्या काळात टायर दारात हिरवळीवर पसरलेले होते. पुढच्या मंगळवारी नगरपालिकेचं पत्र आलं. एका घराच्या आवारात चारपेक्षा जास्त सुटे टायर उघड्यावर ठेवता येत नाहीत, आपण किती ठेवले आहेत, आणि आपण टायरांचा धंदा सुरू केला आहे काय, असं त्यात होतं. सर पत्र घेऊन स्वतः गेले. तिथल्या बाईही त्यांच्या ओळखीच्या होत्या, पण खिडकीमागे बसल्यावर त्या कुणाच्या ओळखीच्या राहत नसत. गाडीवर बसवलेले टायर मोजत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग गेल्या मंगळवारी जॅकवर होते तेव्हा, सरांनी विचारलं. जॅकवर होते तेव्हा मोजायचे, बाई म्हणाल्या. जुने टायर टाकायचे तर ते जिल्ह्याच्या आवारात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी घेतात. दुसरा शनिवार नुकताच होऊन गेला. धंद्याचा परवाना हवा असेल तर फॉर्म मागच्या टेबलावर आहे. एकोणतीस वर्षं पोरांना शिस्त लावलेल्या माणसाने मान खाली घालून फॉर्म घेतला, कारण नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

उघड्यावर नको ना, मग आत. सरांनी सुटे टायर उचलून ट्रेलरमध्ये नेले. जागा एकच होती. बुधवारी संध्याकाळी मार्लिस नवी गोधडी पसरायला आत गेली. ही गोधडी तिने हिवाळाभर बसून या पलंगासाठीच शिवली होती. पलंगावर पाच टायर रचलेले होते आणि वरच्या टायरात पावसाचं पाणी साचलेलं होतं.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. सरांनी भरभर सगळं सांगितलं, परवाना, दुसरा शनिवार, चारपेक्षा जास्त. मार्लिसने ऐकून घेतलं. साधारणपणे ती अशा वेळी 'बरं, याहून वाईट झालं असतं' असं म्हणे. त्या दिवशी नाही म्हणाली.

"ऑर्लिन, मला त्या तळघरात पुन्हा झोपायचं नाही," ती म्हणाली. "मी पस्तीस वर्षं ते छान आहे असं म्हटलं. ते छान नाही. मला तिथे रडू येतं."

सर तिच्या शेजारी बसले. पस्तीस वर्षांत हे त्यांना कधी कळलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली. उद्या सकाळी टायर बसतील, परवा आपण निघू, असं त्यांनी तिला शब्द देऊन सांगितलं.

गुरुवारी दहा वाजता दोघं ट्रेलर घेऊन सोसायटीत पोचले. दहा वाजता सोसायटीत जाऊ नये. त्या वेळी काउंटरशेजारच्या लांब टेबलावर गावातली सहा-सात निवृत्त मंडळी कॉफी पीत बसतात आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची चौकशी करतात. लाइल टेबलाच्या टोकाला होता.

सरांनी बेव्हला विचारलं की आले का. बेव्हने विचारलं, काय.

"टायर. मी मागवायला सांगितलं होतं ना."

"सर, तुम्ही नको म्हणालात. दोनदा."

"दोनदाच म्हणालो," सर म्हणाले. "तू तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस."

टेबलावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. न्याय दोन्ही बाजूंनी होता. बेव्हचा चेहरा पडला, कारण तिलाही ते पटलं. तिसरी फेरी राहिलीच होती, खताचा ट्रक आला होता. आता मागवले तर पुढच्या बुधवारी येतील, असं ती म्हणाली. लाइल तेवढ्यात टेबलावरून म्हणाला की काही बिघडत नाही, सोफ्यावर चादर घातलेली आहे, धक्क्याचा रंगही आणून ठेवलाय. मार्लिस खिडकीतून बाहेर ट्रेलरकडे बघत राहिली. तिने हातातली पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

आणि मग सरांना भिंतीशी रचलेले चार टायर दिसले. नवे, ट्रेलरचे, नेमके त्याच मापाचे. त्यांच्यावर कागद चिकटवलेला होता: स्क्रॅमस्टॅड.

"हे कुणाचे?" सरांनी विचारलं, कागद वाचलेला असूनही.

बेव्हने लाइलकडे पाहिलं. सगळ्या टेबलानेच लाइलकडे पाहिलं. लाइलने कपात पाहिलं. गोठलेल्या तळ्यावर बसून मासे पकडायची त्याची चाकांवरची खोली होती, तिच्यासाठी त्याने ते मागवले होते, जानेवारीची सोय म्हणून. चाकांवरच्या खोलीला पिकअपचे जुने टायर चालत नाहीत, ट्रेलरचेच लागतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आता ते सहा-सात जणांनाही ठाऊक झालं. लाइलचे कान लाल झाले. अशा वेळी भल्या माणसाने जे करायचं असतं तेच त्याने केलं. खुर्चीत मागे रेलून, हात पसरून, मोठ्या मनाने तो म्हणाला, "मग माझे घेऊन जा की रे ऑर्लिन. मला काय घाई आहे? बर्फ पडायला अजून चार महिने आहेत."

टेबल निश्चिंत झालं. सगळं रीतीने चाललं होतं. आता सर नको म्हणणार, मग लाइल पुन्हा म्हणणार, सर नको-नको म्हणणार, आणि मग तिसरी फेरी लाइल खेळेल की कॉफी आणायला उठेल, एवढंच बघायचं होतं. कॉफीचा कप रिकामा करून त्याने उठायची तयारीही केली होती.

"हो," सर म्हणाले.

कॉफीच्या यंत्राची गुरगुर ऐकू येत होती.

"काय म्हणालास?" लाइलने विचारलं.

"हो. घेतो." सरांचे शब्द स्वच्छ होते. "बेव्ह, चारही बसव. आणि लाइल, तुझे पिकअपचे दोन ट्रेलरच्या पलंगावर आहेत, ते उतरवून घे. धक्क्याला मी या वर्षी रंग देणार नाही."

टेबलावरचे सर्वांत वयस्क गृहस्थ, जे सरांच्या वडिलांबरोबर शाळेत होते, हळूच टोपी काढून पुन्हा डोक्यावर घालते झाले. लाइल उठून उभा राहिला. आपण देऊ केलं आणि समोरच्याने घेतलं, तेव्हा पुढे काय बोलायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी तो टायर उतरवायला बाहेर गेला. बेव्हने दीड तासात चार टायर बसवले, पलंगावरचे उरलेले तीन नि जुने चार सोसायटीतच ठेवून घेतले, प्रत्येक नट मापाच्या पान्याने आवळला आणि पन्नास मैलांवर थांबून पुन्हा आवळा, असं सरांना तीनदा बजावून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी ते निघाले. पन्नास मैलांवर एका पेट्रोल पंपावर थांबून सरांनी नट आवळले, हात पुसले आणि ते पुन्हा गाडीत बसले. मार्लिस त्यांच्याकडे वळून बसली. सरांना वाटलं, झालं, आता ऐकून घ्यायचं.

"तू काल फार उद्धटपणे वागलास," मार्लिस म्हणाली.

"हो."

"सगळ्या गावासमोर. माझ्या सख्ख्या भावाशी."

"हो, वागलो."

मार्लिसने पर्समधून रुमाल काढून डोळे पुसले. "माझ्यासाठी आजवर कुणीच कधी उद्धटपणे वागलं नव्हतं," ती म्हणाली आणि तिने आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. मग मागून मोठा ट्रक येतोय, तू उजव्या बाजूने हळू घे, असं तिने सरांना सांगितलं आणि सरांनी हळू घेतलं.